यानच्या वाटणीचा तुकडा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कॉम्प्युटरची चिप बाजारात जाण्याआधी तिच्यातल्या चुका हुडकायच्या, हे माझं पोटापाण्याचं काम आहे. काही विचित्र घडलं की मी आधी कारण शोधते आणि ते सापडेपर्यंत घरातल्या सगळ्यांचं डोकं खाते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून ‘हिमानीला झालंय तरी काय’ असं कुणी म्हणायला नको.

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये ओदील राहते. पंचाहत्तरी ओलांडलेली, काटक, तोंडाने फटकळ. तिला फ्रेंच म्हटलं की ती लगेच दुरुस्ती करते, “फ्रेंच नंतर, आधी ब्रेतॉन.” फ्रान्सच्या पार पश्चिम टोकाला ब्रिटनी, आणि तिच्याही पुढे समुद्रात वाऱ्याने झोडपलेलं एक बेट. तिथली ती. तिथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर जायचे. मागे राहिलेल्या बायका शेतं बघायच्या, मेंढ्या बघायच्या आणि वाट बघायच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी ओदील तरुणपणी इथे आली. पुढे नवरा वारला. एकुलता एक मुलगा यान, पस्तिशीचा, हाफ मून बेच्या बंदरातून एकटाच शिडाची बोट घेऊन हवाईला निघाला आणि पोचलाच नाही. बोट सापडली नाही, तोही सापडला नाही. या गोष्टीला नऊ वर्षं झाली. पण ओदील ‘गेला’ म्हणत नाही. ‘बाहेर आहे’ म्हणते.

दर जानेवारीत, नाताळ उरकला की, ती आम्हाला गालेत खायला बोलावते. गालेत म्हणजे खाज्यासारखे पापुद्रे सुटलेली, आत बदामाचं सारण भरलेली ताटाएवढी गोल पोळी. फ्रान्समध्ये त्या दिवसांत घरोघरी ती कापतात. कापायची पद्धत गमतीची आहे. घरातल्या सगळ्यात लहान मुलाने टेबलाखाली जाऊन बसायचं. वर मोठं माणूस एकेका तुकड्यावर सुरी ठेवून विचारणार, “हा कुणाचा?” आणि खालून ते मूल नाव सांगणार. तुकडे लहान-मोठे होतात ना, त्यात वशिलेबाजी व्हायला नको म्हणून. आणि एक तुकडा जास्तीचा असतो. कुणी तो दारी आलेल्या गरिबाला देतात. ओदीलच्या बेटावर तो समुद्रावर असलेल्या माणसाचा. तो खायचा नाही, वर्षभर कपाटात ठेवायचा. वाळून कोरडा राहिला तर माणूस सुखरूप आहे. बुरशी धरली तर समजून जायचं.

“माझ्या आजीच्या कपाटातल्या तुकड्याला बुरशी आली,” ओदील सांगते, “आणि महिन्याभरात आजोबांची बातमी आली.”

यानचा तुकडा पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात, फ्रिजवर असतो. जानेवारीत नवा तुकडा ठेवताना ती जुना बाहेर काढते, खिडकीपाशी नेऊन उलटसुलट बघते. इतक्या वर्षांत बुरशीचा ठिपका नाही. “बघ,” ती मला म्हणते, “बरा आहे.” कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत, घट्ट झाकणाच्या डब्यात वाळलेल्या तुकड्याला बुरशी यायची कशी? माझा नवरा यतीन एकदा “ह्युमिडिटी...” असं म्हणायला लागला, तेव्हा मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

या जानेवारीत टेबलाखाली आमची सहा वर्षांची केया होती. “बाबा! आई! मी! ओदील!” अशी नावं आली. ओदील डबा आणायला स्वयंपाकघरात गेली, तेवढ्यात केया खालून म्हणाली, “Aai, whose feet are these?”

“बाबांचे असतील.”

“No. Baba has socks. These are wet.”

मी टेबलक्लॉथ उचलला. केया माझ्या गुडघ्यांना चिकटून बसली होती आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, जिथे कुणीच बसलेलं नव्हतं, तिथे बघत होती. घाबरलेली नव्हती, हेच मला जास्त खटकलं. मी तिला ओढून बाहेर काढलं आणि कानात बजावलं, ओदीलसमोर एक अक्षर बोलायचं नाही. मग मी खाली हात घालून गालिचा चाचपला. थोडा ओलसर होता. केयाने ज्यूस सांडला असणार, असं मी ठरवून टाकलं.

ऑगस्ट संपताना ओदील स्वयंपाकघरात, फ्रिजसमोर पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग पुन्हा चालायला शिकवणारं रिहॅब सेंटर. तिथल्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं की यापुढे एकटं राहणं बंद. तिकडे ब्रिटनीत, ब्रेस्टला तिची धाकटी बहीण राहते, समुद्रापासून पाच मिनिटांवर. ती रोज फोन करून म्हणायची, ये, खोली तयार आहे. ओदील ऐकेल तर शपथ.

“यानकडे या दाराची किल्ली आहे,” रिहॅबमध्ये तिने माझा हात घट्ट धरून सांगितलं. “मी गेले आणि तो आला, तर दार कोण उघडेल? नवीन भाडेकरू?”

मला रडू आलं आणि रागही आला. त्या पोराने बुडायला नको होतं, आणि बुडलाच होता तर निदान लाटेवर त्याच्या बोटीची एखादी फळी तरी किनाऱ्याला यायला हवी होती. काहीच न येणं हा शुद्ध छळ होता. ती बाई त्या फ्लॅटमध्ये एकटी पडून मरणार, हे मला दिसत होतं, तिच्या बहिणीला दिसत होतं, तिला स्वतःलाही दिसत असावं.

कुंड्यांना पाणी घालायला तिने मला किल्ली दिली. पहिल्याच दिवशी बघते तर फ्रिजसमोर फरशी ओली. परातीएवढं डबकं. मी पुसलं. दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा. फ्रिज गळतोय, म्हातारी त्यावरूनच घसरली, कारण सापडलं. मी मेंटेनन्सच्या माणसाला बोलावलं. त्याने फ्रिज पुढे ओढला, मागे हात फिरवला, पाइप तपासला. मागे धूळ होती, कोरडी खडखडीत. “It’s not the fridge, ma’am,” तो म्हणाला. वरच्या मजल्यावरून गळत असेल तर छत ओलं हवं. छत कोरडं. दुसऱ्या दिवशी डबकं पुन्हा हजर.

त्या घरात मला नीट उभं राहता येईना. कुणीतरी पाठीमागे येऊन, काही मागायचं आहे पण मागवत नाही, अशा संकोचाने थांबलंय, असं वाटायचं. भर दुपारी, खिडकीतून ऊन आत आलेलं असताना. मी पाणी घालायचे आणि जवळजवळ पळतच बाहेर यायचे. यतीनला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने सेन्सर आणून बसवला असता.

जूनपासून माझ्या सासूबाई आमच्याकडे होत्या. सांगलीच्या. ‘आई’ म्हणते मी त्यांना. त्यांचं आणि ओदीलचं मेतकूट जमलेलं. एक मराठीत बोलायची, एक इंग्रजीत, आणि दोघी तासन्‌तास बाल्कनीत शेंगा सोलत बसायच्या. यान समुद्रात गेला आणि त्याच्या नावाचा तुकडा डब्यात ठेवलाय, एवढं आईंना माझ्याकडून कळलं होतं. तो तुकडा कशाची खूण आहे, हे मी सांगितलंच नव्हतं. सांगायचं सुचलं नाही, इतकं ते मला रोजचं झालं होतं.

एक दिवस मला कॉल होता, म्हणून पाणी घालायला आई गेल्या. परत आल्या त्या गंभीर चेहऱ्याने.

“हिमानी, ती फरशी वाळली की कडेने पांढरं उरतं, पाहिलंस?”

“पाण्यातले क्षार असतील, आई.”

“मी बोट लावून जिभेवर ठेवलं. मीठ आहे ते.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “डब्याच्या बरोबर खाली येतं गं ते पाणी. कुणीतरी तिथे येऊन उभं राहतंय.”

मी ‘काहीतरीच काय’ असं म्हटलं आणि लॅपटॉप उघडला. स्क्रीनवरचं एक अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नाही.

पितृपक्षात सासऱ्यांची तिथी आली. आईंनी सगळं साग्रसंगीत केलं. वडे, खीर, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. पान वाढून बाल्कनीच्या कठड्यावर ठेवलं. सनीव्हेलला कावळ्यांची कमी नाही. धष्टपुष्ट, तुकतुकीत, चिकार. पण त्या दिवशी समोरच्या झाडावर बसून पानाकडे बघत राहिले. आई हात जोडून एकेक आश्वासन देऊ लागल्या. केयाला मराठी शिकवू. यतीनच्या बीपीकडे लक्ष ठेवू. सांगलीचं घर विकणार नाही. कावळा ढिम्म. “आयुष्यभर यांचं असंच,” आई पुटपुटल्या. “वाढलेलं ताट गार होईस्तोवर पेपर सोडायचे नाहीत.”

मी कॉलवर गेले. काही वेळाने सहज बाल्कनीच्या काचेतून बघितलं, तर आई आमच्या बाल्कनीत नव्हत्या. शेजारच्या, ओदीलच्या बाल्कनीत होत्या. कठड्यापाशी, हात पुढे केलेला. झाडावरून एक कावळा सरळ रेषेत खाली आला. त्याने काहीतरी उचललं आणि तो गेला.

मी हेडफोन फेकून धावले. ओदीलच्या ओट्यावर पत्र्याचा डबा उघडा, रिकामा.

“आई! काय केलंत?”

“त्याला वाढलं,” आई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. “अगं, त्याच्या नावाचं काढून ठेवलेलं ते. कुणी घालतच नव्हतं त्याला. त्यांच्यात रीत नसेल. तो बिचारा येतोय, उभा राहतोय, जातोय. आपल्यासाठी सकाळपासून एक फिरकला नाही, आणि त्याच्यासाठी बघ.” त्यांना थोडं वाईटही वाटलं होतं, ते दिसत होतं.

मी त्यांना खुर्चीवर बसवून त्या तुकड्याचा अर्थ सांगितला. तो मेलेल्याचा नव्हे, जिवंत माणसाचा वाटा होता. त्याच्या बळावर ओदील दिवस काढत होती. आई ऐकत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, “जिवंत माणूस असं खारं पाणी ठेवून जात नाही, हिमानी.”

डॉक्टरचं न ऐकता ओदील चार दिवसांत घरी येणार होती. मी आणि यतीनने जे केलं ते दोन इंजिनियरांनाच सुचावं असं होतं. गालेत फक्त जानेवारीत मिळते, बेकरीवाल्याने सांगितलं. मग आम्ही फ्रोझन पेस्ट्री शीट आणली, बदामाची पूड आणली, व्हिडिओ बघून पोळी भाजली, एक तुकडा कापला आणि मंद ओव्हनमध्ये ठेवून ठेवून वाळवला. रंग जमला. झाकण लावलं, डबा फ्रिजवर ठेवला. आई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. “पोरखेळ आहे,” म्हणाल्या. पण ओदीलचा आधार काढून घेण्याचा हक्क आम्हाला कुणी दिला होता? मी तरी स्वतःला असंच समजावलं.

ओदील सकाळी दहाच्या सुमाराला आली. वॉकर, सोबत रिहॅबची नर्स. नर्स सगळं समजावून निघून गेली. आईंनी चहा केला. ओदीलने चहाकडे बघितलं नाही. “डबा दे,” मला म्हणाली.

तिने झाकण उघडलं. तुकडा उचलला, खिडकीकडे धरला, मग वास घेतला.

“हा तू केलास,” ती म्हणाली. “लोणी कमी आहे. माझा कुठे आहे?”

“ओदील, मुंग्या झाल्या होत्या, म्हणून...”

“काय विचारतेय ती?” आईंनी मला विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता स्वतःच पुढे झाल्या. त्यांनी कठड्याकडे बोट दाखवलं, दोन्ही हात पंखांसारखे हलवले, मग हात तोंडाशी नेला. “Crow,” म्हणाल्या. “Your son. Eat. Now happy.”

ओदील माझ्याकडे वळली. “हिमानी, काय म्हणतेय ही?”

मला सांगावं लागलं. सांगितलं, की आमच्यात जो माणूस नाही त्याच्या नावाने पान वाढतात, आणि कावळा शिवला की ते त्याला पोचलं असं मानतात.

“जो माणूस नाही म्हणजे? मेलेला?”

“हो.”

ती ओरडली. वॉकर जमिनीवर आपटला. “कुणी सांगितलं होतं हिला? माझ्या घरात, माझ्या मुलाचा तुकडा!” मग फ्रेंचमध्ये, मग मला न कळणाऱ्या तिसऱ्याच भाषेत, तिच्या बेटावरच्या. हाताला लागला तो कप फुटला. आई जागच्या हलल्या नाहीत. “बोलू दे तिला,” मला म्हणाल्या. “अडवू नकोस.”

ओदीलला धाप लागली तेव्हा मी तिच्यापाशी गेले. “ओदील, तो नुसता कावळा होता. कावळे काहीही खातात. त्याचा काही अर्थ नाही.” मी हे मनापासून म्हटलं. माझं मत आजही तेच आहे. तिने ते मान्य करावं, दुसरा तुकडा करून ठेवावा आणि पहिल्यासारखं चालू ठेवावं, असं त्या क्षणी मला फार वाटलं.

ती कठड्याकडे बघत राहिली. मग खालच्या आवाजात विचारलं, “किती वेळ लागला?”

“कशाला?”

“त्याला. यायला.”

मी आईंना विचारलं. “वेळ कुठला?” आई म्हणाल्या. “माझा हातसुद्धा मागे आला नव्हता.” आणि त्यांनी हात पुढे करून दाखवला, तळवा उघडा, तसाच. मला भाषांतर करायची गरजच पडली नाही.

ओदील खुर्चीत बसली. तिची नजर फ्रिजसमोरच्या फरशीवर गेली. फरशी कोरडी होती. कावळा तुकडा घेऊन गेला त्या दिवसानंतर ती कोरडीच होती, आणि ते मी कुणाजवळ बोलले नव्हते.

“ही जागा कायम ओली असायची,” ती म्हणाली. “मी दोनदा फ्रिज बदलला. रोज पुसायचे. नऊ वर्षं पुसत होते.” तिचा आवाज फाटला. “तो इथे उभा राहायचा, हिमानी. त्याला भूक लागायची. लहान असताना ओव्हन उघडायच्या आधी तिथे येऊन उभा राहायचा, तसाच. आणि मी काय केलं? झाकण घट्ट लावलं. बुरशी येऊ नये म्हणून. माझं पोर माझ्या स्वयंपाकघरात उपाशी उभं होतं आणि मी त्याचं खाणं त्याच्या डोक्यावर बंद करून ठेवलं होतं.”

आणि ती रडली. मी तिला पहिल्यांदाच रडताना बघत होते. आई खाली जमिनीवर बसल्या, तिच्या ऑपरेशन झालेल्या पायाला धक्का लागणार नाही अशा बेताने, आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याही रडत होत्या. मी फुटलेल्या कपाचे तुकडे गोळा करायचं निमित्त करून खाली वाकले.

बऱ्याच वेळाने ओदील म्हणाली, “विचार हिला. पुन्हा देता येतं का?”

मी विचारलं.

“रोज दे म्हणावं,” आई म्हणाल्या. “आणि वाळवलेलं नको. गरम दे. एवढ्या वर्षांचा उपाशी आहे.”

मी ते सांगितलं. ओदीलने मान हलवली. आईंनी पदराने डोळे पुसले आणि जरा विचार करून मला म्हणाल्या, “तिच्या बहिणीकडे कावळे आहेत का, विचार.”

ओदीलला प्रश्न कळायला क्षणभर लागला. “थोडे आहेत,” ती म्हणाली. “सीगल जास्त. खिडकी उघडली की आत येतात.”

मी आईंना सीगल समजावून सांगितला. पांढरा, मोठा, समुद्रावरचा पक्षी.

“मग चांगलंच की,” आई म्हणाल्या. “समुद्रावरचंच पोर आहे ते. त्याला लांब पडणार नाही.”

मी एकेक शब्द ओदीलला सांगितला. तिने ओंजळीत तोंड धरलं. मग हात खाली घेतले आणि मला म्हणाली, “माझ्या बहिणीला फोन लाव. म्हणावं, येते.”